चव-वासाच्या उत्क्रांतीवर काम करायचंय? मग आधी हे वाचा

या विषयात नवीन आलेली मंडळी हमखास विचारतात, पहिलं नाक कुठल्या प्राण्याला आलं? माझं म्हणणं, नाक-जीभ थोडे दिवस बाजूला ठेवा आणि अवयव, पेशी, रिसेप्टर (वासाचा किंवा चवीचा रेणू पकडणारं पेशीवरचं प्रोटीन) या तिघांचा इतिहास वेगवेगळा शोधा, कारण तो एक नाहीच आहे.

रिसेप्टरचंच बघा. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेलनी उंदरातलं वासाच्या रिसेप्टर्सचं कुटुंब शोधलं (२००४ चं नोबेल त्याचंच), मग कीटकांतही तेच मिळेल असं वाटणं साहजिक होतं, पण माशीत निघालं भलतंच! पेशीच्या पडद्यातून सात वेळा जाणारं प्रोटीन दोन्हीकडे आहे, पण माशीचं उलटं बसलंय आणि ते स्वतःच आयन चॅनल (विद्युतभारित कणांना पेशीत ये-जा करू देणारं दार) आहे, म्हणजे आपल्याशी नातं काही नाही, ते फुटलंय चवीच्या जुन्या रिसेप्टर्समधून. ऑक्टोपसने तर कहरच केलाय, त्याच्या चूषकांमधले चव घेणारे रिसेप्टर अ‍ॅसिटिलकोलिन या नसांमधला निरोप नेणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टर्सपासून बनलेत.

दुसरा गोंधळ पाण्यातला. तिथे सगळंच विरघळलेलं, मग माशाला कळते ती चव कुठली आणि वास कुठला? कॅटफिशच्या तर अंगभर स्वादकलिका असतात. अशा वेळी पृष्ठवंशीयांत सरळ पेशी बघायची. वासाची पेशी स्वतःच न्यूरॉन (चेतापेशी), तिचा तंतू थेट मेंदूत जातो. स्वादकलिकेतल्या पेशीला असा तंतू नसतो, तिचा निरोप दुसरी नस नेते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे पेपर सोपे होतात, खरंच.

शिकायचं काय म्हणाल तर वंशवृक्ष वाचणं आणि थोडं कोडिंग, मायक्रोस्कोप नंतर आला तरी चालतं. आणि "अमुक प्राण्यात जीन नाहीये" हे वाक्य लिहायच्या आधी जीनोमची असेंब्ली (डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून केलेला नकाशा) किती तुटकी आहे ते तपासा, खूपदा जीन असतो पण जोडणीत हरवलेला असतो.

पहिल्या प्रोजेक्टला टी१आर कुटुंब घ्या, म्हणजे गोड आणि उमामी (मांसाच्या रश्श्यासारखी चव) ओळखणारे रिसेप्टर. सस्तन प्राण्यांत तीनच जीन, आणि गोष्टी मस्त: मांजरात टी१आर२ मोडलाय म्हणून तिला गोड कळत नाही, पक्ष्यांत तो नाहीच, तरी हमिंगबर्डने उमामीचा रिसेप्टर बदलून साखर ओळखायला लावलाय. वासाच्या जीन्सना लगेच हात घालू नका, हत्तीत ते जवळपास २००० आहेत, नुसतं अलाइनमेंट (जीन्सचे क्रम एकाखाली एक जुळवून लावणं) बघूनच डोकं उठतं.