महानगरातली बदलती वस्ती नकाशावर मांडताना

अमेरिकेतल्या महानगरांत कोणता वांशिक गट कुठे राहतो आणि ती वस्ती दशकागणिक कशी सरकली, याचे नकाशे मी करतो. नवे लोक सगळ्यात आधी विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं शिकू? क्यूजीआयएस मोफत आहे, थोड्या सरावाने हात बसतो. खरा वेळ जातो तो दोन जनगणना तुलनेला आणण्यात.

सीमांपासून सुरुवात करा. काम बहुधा सेन्सस ट्रॅक्टवर, म्हणजे जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या विभागांवर चालतं. एका ट्रॅक्टमध्ये साधारण 1,200 ते 8,000 माणसं. उपनगर वाढलं की 101 नंबरच्या ट्रॅक्टचे 101.01 आणि 101.02 होतात. 2010 चा आकडा 2020 च्या एकाच तुकड्याशेजारी ठेवला, तर अर्धी वस्ती उठून गेल्यासारखी दिसते. म्हणून दोन्ही वर्षांचे आकडे आधी एकाच सीमांवर आणायचे. त्यासाठी लागणारे जोडतक्ते, म्हणजे जुन्या ट्रॅक्टचा कोणता भाग कोणत्या नव्या ट्रॅक्टमध्ये गेला हे सांगणारे तक्ते, एनएचजीआयएस या अमेरिकी जनगणनेच्या आकड्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

वर्गवारी त्याहून नाजूक. 1970 च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक गोऱ्यांमध्ये धरले होते. ‘एशियन इंडियन’ हा वेगळा रकाना 1980 मध्ये आला. 2000 पासून एकाहून जास्त वंश निवडता येतात. असे लोक 2010 मध्ये सुमारे 90 लाख होते, 2020 मध्ये 3 कोटी 38 लाख झाले. यात प्रश्नाची मांडणी आणि उत्तरं नोंदवण्याची पद्धत बदलल्याचा मोठा हात आहे. माणसं होती तिथेच आहेत, रकाना बदलला. शिवाय हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतलं) असणं हा वंशापेक्षा वेगळा प्रश्न होता, त्यामुळे ‘बिगर-हिस्पॅनिक गोरे’ असा गट वेगळा काढला नाही तर तीच माणसं दोनदा मोजली जातात.

माझा सगळ्यात मोठा आग्रह मात्र संख्या आणि टक्केवारी शेजारी शेजारी दाखवण्याचा. समजा, ट्रॅक्टमध्ये 4,000 लोक, त्यांत 1,000 कृष्णवर्णीय, म्हणजे 25 टक्के. दहा वर्षांत 1,500 गोरे बाहेर गेले. आता 2,500 पैकी तेच 1,000, म्हणजे 40 टक्के. नुसत्या टक्केवारीचा नकाशा गडद होतो आणि वाचणारा म्हणतो, ‘इथे कृष्णवर्णीयांची रीघ लागली.’ प्रत्यक्षात एकही नवं कुटुंब आलेलं नाही. अशा नकाशांवरून शेजाराबद्दल मतं बनतात, म्हणून ही काळजी मला फार महत्त्वाची वाटते.

दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांसाठी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे पाच वर्षांचे अंदाज वापरतात. ती नमुना पाहणी आहे; त्रुटीची मर्यादा, म्हणजे आकडा किती कमी-जास्त असू शकतो ते, शेजारच्याच रकान्यात दिलेली असते. 120 लोकांवर 110 ची मर्यादा दिसली, तर शेजारचे ट्रॅक्ट एकत्र करा. 2020 च्या जनगणनेत खासगीपण जपण्यासाठी आकड्यांत मुद्दाम थोडी ढवळाढवळ केली आहे, तेव्हा एकेका ब्लॉकवरून (ट्रॅक्टमधल्या सर्वांत लहान तुकड्यावरून) निष्कर्ष काढू नका. ठिपक्यांचा नकाशा (एक ठिपका म्हणजे ठरावीक माणसं) करणार असाल तर तळी आणि उद्यानं आधी वगळा, कारण सॉफ्टवेअर ठिपके हद्दीत कुठेही टाकतं.

पहिल्या सरावाला एकच काउंटी, एकच गट, 2010 आणि 2020 एवढंच घ्या. दोन्ही नकाशांना रंगांचे टप्पे तेच ठेवा. सर्वांत जास्त बदल दिसेल त्या ट्रॅक्टचा ‘ग्रुप क्वार्टर्स’चा, म्हणजे घरांऐवजी संस्थांमध्ये एकत्र राहणाऱ्यांचा तक्ता उघडून बघा, अनेकदा तिथे नवा तुरुंग किंवा कॉलेजचं वसतिगृह निघतं.