नोकरी कधी सोडू? अभिनयात येऊ पाहणाऱ्यांसाठी

एकांकिका स्पर्धेत वैयक्तिक बक्षीस मिळालं की मुलं विचारतात, "दादा, नोकरी सोडू का?" पाठोपाठ डॉ. श्रीराम लागूंचा दाखला येतोच. त्यांनी नाही का डॉक्टरकी सोडली!

सोडली, पण कधी ते बघा. लागूंचा जन्म १९२७चा. वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्णवेळ नट झाले, ते साल १९६९. म्हणजे चाळिशी उलटून गेली होती. नाटकाचं वेड मात्र पुण्यात डॉक्टरकी शिकत असल्यापासूनचं. भालबा केळकरांसोबतची पीडीए ही नाट्यसंस्था होती, मुंबईत रंगायन ही संस्था होती. कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून दवाखाना, परदेशातलं शिक्षण, टांझानियातली नोकरी हे सगळं सांभाळून जमेल तेव्हा तालमी आणि प्रयोग. मग डिसेंबर १९७० मध्ये शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आलं आणि १९७२ मध्ये शांतारामबापूंचा 'पिंजरा'. लोकांना वाटलं, हा नट एकदम कुठून उगवला! त्याच्यामागे वीसेक वर्षांची तालीम होती. आपण गोष्ट सांगताना नेमकी तीच वीस वर्षं गाळतो.

अशोक सराफही नाटकं करत असताना स्टेट बँकेत नोकरीला होते. तेव्हा नोकरी धरून ठेवणारा कच्चा कलावंत, हे डोक्यातून काढा. मीसुद्धा बरीच वर्षं शिफ्टची नोकरी करून मालिकांमध्ये छोटी कामं केली. पगार चालू होता म्हणून फालतू भूमिकेला नाही म्हणता यायचं. मालिकेचे पैसे साधारण ९० दिवसांनी हातात पडतात, आणि घरमालक ९० दिवस थांबत नाही. नाटकाची नाईट, म्हणजे मानधन, प्रयोगागणिक मिळते, पण प्रयोगच लागला नाही तर काय? माझ्या मते सहा महिन्यांचं भाडं आणि खाणावळ बाजूला पडल्याशिवाय राजीनामा लिहू नये. नोकरी निवडताना मात्र दुपार मोकळी मिळेल अशी बघा. ऑडिशन्स बहुतेक दिवसाच असतात.

आता ऑडिशनचं. बावीस-तेवीस वर्षांची मुलं अजून 'नटसम्राट'मधल्या म्हाताऱ्या बेलवलकरांचं स्वगत घेऊन येतात. घसा ताणून "जगावं की मरावं" सुरू झालं की समोरचा कास्टिंगवाला मोबाइल बघायला लागतो. लागूंकडून शिकायचंच असेल तर 'सामना' सिनेमा बघा. समोर निळू फुल्यांचा हिंदुराव, आणि लागूंचा मास्तर. आवाज बंद करून बघा. फुले बोलत असताना लागू काय करतात, नजर कधी उचलतात, उत्तर द्यायच्या आधी किती थांबतात. हे आज जास्तच कामाला येतं, कारण हल्ली निम्मी कामं सेल्फ टेपवर, म्हणजे स्वतःच शूट करून पाठवलेल्या ऑडिशनवर ठरतात. संध्याकाळी दोन पानांचा सीन व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, सकाळपर्यंत पाठवायचा असतो. साधी भिंत, मोबाइल आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर, आधी नाव-वय-उंची, मग दोन्ही प्रोफाइल, म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजू. क्यू द्यायला, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला, मित्राला कॅमेऱ्याच्या अगदी लगत बसवा आणि त्याला सपाट वाचायला सांगा, नाहीतर तोच अभिनय करत बसतो. तुमचं वाक्य नसतं तेव्हाचा तुमचा चेहराच बघितला जातो. पाठांतर सगळ्यांचंच असतं.

शिक्षणाचं विचाराल तर दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय), पुण्यात एफटीआयआय (फिल्म इन्स्टिट्यूट) आणि विद्यापीठाचं ललित कला केंद्र, ही नावं आहेतच. प्रवेश मिळाला तर डोळे झाकून जा. नाही मिळाला तर राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारी एखादी संस्था गाठा. तिथे बॅकस्टेज करता करता उभं राहायला शिकता येतं. तीन महिन्यांत स्टार करणारे क्लास मला पटत नाहीत. पोर्टफोलिओवर हजारो रुपये घालवू नका, चांगल्या उजेडातले चार साधे फोटो पुरतात.

आणि पैसे. ऑडिशनला, नाव नोंदवायला, 'कार्ड काढून देतो' म्हणून कुणी मागितले तर तिथूनच परत फिरा. कलाकारांना काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, पण ते काम मिळाल्यावर, तुमच्या मानधनातून. पर डे, म्हणजे दिवसाचं मानधन किती, शिफ्ट किती तासांची, प्रवासखर्च कुणाचा, हे लूक टेस्टच्या आधी लेखी विचारून घ्या. नुसता मेसेज असला तरी चालतो. स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा.