रिदमिक जिम्नॅस्टिक्सचा रिझल्ट कसा वाचायचा, नुसती टोटल बघू नका

ऑलिंपिक किंवा वर्ल्ड चॅम्पियनशिप संपली की बातमीत एवढंच येतं की अमुक देशाला गोल्ड, तमुकला सिल्व्हर, संपलं. एवढ्या मेहनतीच्या खेळाचं एका ओळीत आटपणं मला खरंच पटत नाही, कारण रिझल्ट शीट उघडली की आख्खी मॅच डोळ्यासमोर उभी राहते आणि ती वाचायला अवघड अजिबात नाहीये.

आधी टोटल हाताने झाका आणि चार साधनांचे आकडे वेगवेगळे बघा, हूप म्हणजे मोठी रिंग, बॉल, क्लब्स म्हणजे छोट्या मुदगलासारख्या दोन दांड्या, आणि रिबन. टोकियो ऑलिंपिकची वैयक्तिक फायनल घ्या, २०२१ ची. इस्रायलच्या लिनॉय अश्रमला १०७.८००, रशियाच्या दीना अवेरिनाला १०७.६५०, फरक फक्त ०.१५०. अश्रमच्या हातून शेवटच्या रूटीनमध्ये, म्हणजे शेवटच्या साधनाच्या सादरीकरणात, रिबन पडली होती, मग गोल्ड तिला कसं यावरून केवढा गदारोळ झाला! आता कॉलम बघा. अश्रम हूप २७.५५०, बॉल २८.३००, क्लब्स २८.६५०. दीना २७.२००, २८.३००, २८.१५०. म्हणजे तीन साधनं झाली तेव्हाच अश्रम ०.८५० ने पुढे होती. रिबनला तिला २३.३०० आणि दीनाला २४.०००, तिथे ०.७०० गेले आणि तरी ०.१५० उरले. जजेसचं मार्किंग बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण गोल्ड कुठे आलं ते रिबनच्या नाही, हूप आणि क्लब्सच्या कॉलममध्ये दिसतं.

आणि हो, रिबनचे मार्क दोघींचेही कमीच आहेत बघा. सहा मीटर लांब रिबन, गाठ पडते, अंगाला गुंडाळते, त्यामुळे रिबनची तुलना रिबनशीच करायची, हूपशी नाही.

मग एका साधनाच्या आत शिरा, तिथे मार्क डी, ए आणि ई मध्ये फोडलेले असतात. डी म्हणजे डिफिकल्टी, त्यात डीबी म्हणजे शरीराचं काम, उड्या, बॅलन्स, गिरक्या, आणि डीए म्हणजे साधनाचं काम. ए म्हणजे आर्टिस्ट्री आणि ई म्हणजे एक्झिक्यूशन, ही दोन्ही १० पासून सुरू होतात आणि चुकांचे मार्क कापत खाली येतात. साधन पडलं तर ई मधून किमान ०.५० जातात, लांब घरंगळलं आणि धावत जाऊन आणावं लागलं तर १.०० पर्यंत, वर ज्या एलिमेंटमध्ये पडलं त्याचं मोल डी मधून पण जातं, म्हणून एक ड्रॉप दोनदा महागात पडतो. १३ बाय १३ मीटरच्या चौकोनाबाहेर गेलं की पेनल्टीच्या कॉलममध्ये ०.३० दिसतील.

वेगवेगळ्या वर्षांच्या टोटलची तुलना मात्र करू नका प्लीज. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला जर्मनीच्या दार्या वारफोलोमेयेवला १४२.८५० मिळाले म्हणून ती अश्रमपेक्षा पस्तीस मार्कांनी भारी असं होत नाही, मधे २०२२ पासून आर्टिस्ट्रीचे १० वेगळे मोजायला लागले.

अजून एक, क्वालिफिकेशनचा रिझल्ट आणि फायनलचा रिझल्ट वेगळा वाचा, ऑलिंपिकमध्ये आधीचे मार्क पुढे येत नाहीत. पॅरिसला ग्रुपमध्ये, म्हणजे पाच जणींच्या टीमच्या स्पर्धेत, बल्गेरिया क्वालिफिकेशनला पहिली होती आणि फायनलला चौथी, गोल्ड चीनला ६९.८००, मग इस्रायल ६८.८५०, इटली ६८.१००. ग्रुपला दोनच रूटीन असतात, पाच जणींपैकी एकीचा हात चुकला की सावरायला जागाच नसते, त्यामुळे तिथे दोन आकडे शेजारी ठेवायचे आणि कुठला कोसळला ते बघायचं.

आपल्या ठाण्याच्या संयुक्ता काळेने खेलो इंडियात आणि नॅशनल गेम्समध्ये गोल्ड काढलंय, पुढच्या वेळी तिचा किंवा आपल्याकडच्या कुठल्याही मुलीचा रिझल्ट आला की आधी डी बघा, तिला किती अवघड रूटीन जमलं ते तिथे कळेल, आणि मगच रँक.