कन्सोलची कमांड: गेम स्टुडिओतलं पहिलं काम

गेम प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाल्या झाल्या शत्रूंचा एआय नाहीतर ग्राफिक्स हातात पडेल, अशी आशा धरू नका. इथे बाणेरला आमच्याकडे नव्या माणसाला बहुधा सांगितलं जातं, "हा आकडा कन्सोलवरून बदलता येऊ दे." कन्सोल म्हणजे खेळ चालू असताना कमांड टाइप करायची खिडकी. काम किरकोळ दिसतं, पण इंजिनाची, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा असतो त्याची, ओळख करून घ्यायला याहून बरं काम मला तरी माहीत नाही.

प्रकार जुनाच आहे. १९९६ च्या क्वेक या गेममध्ये खेळ चालू असतानाच गुरुत्वाकर्षण ८०० वरून हवं तितकं करता यायचं. आम्ही अनरिअल इंजिन वापरतो. तिथे टॅबच्या वरची कळ दाबली की कन्सोल उघडतो.

आता खरं काम कसं येतं ते बघा. डिझायनर म्हणते, "उडी तरंगल्यासारखी वाटतेय रे, जरा जड कर." तुम्ही ग्रॅव्हिटी स्केलसाठी (गुरुत्वाकर्षण किती पट, तो आकडा) एक कन्सोल व्हेरिएबल, म्हणजे कन्सोलवरून बदलता येणारी किंमत, काढता, ती १ चे २ करते आणि लगेच ओरडते, "अरे, आता कठड्यावर चढताच येत नाही!" बरोबरच आहे. अनरिअलमध्ये उडीचा मूळ वेग सेकंदाला ४२० सेंमी आणि गुरुत्वाकर्षण ९८०, म्हणजे उडी ९० सेंमीची. गुरुत्वाकर्षण दुप्पट केलं की ती ४५ वर येते. तेवढीच उंची हवी तर वेग ५९४ च्या आसपास न्यावा लागतो. हे गणित डिझायनरने का करत बसावं? इथे सुटं व्हेरिएबल पुरत नाही, कमांड लिहायची: ती उंची आणि जडपणा विचारेल, वेग स्वतः काढेल. आकडा नुसता उघडा करायचा की त्याच्यामागचा हिशोबही आपण उचलायचा, हे ठरवण्यातच या कामाची गंमत आहे. (अकरावीचं फिजिक्स असं बाणेरला भेटतं.)

नवी मुलं दोन ठिकाणी हमखास अडकतात. एक, खेळ सुरू होताना किंमत वाचून आपल्या व्हेरिएबलमध्ये ठेवून देतात. मग कन्सोलवर कितीही आकडे टाका, पात्र ढिम्म. किंमत दर फ्रेमला वाचा, नाहीतर बदल झाल्यावर चालणारा कॉलबॅक लावा. दुसरं, एक्झेक फंक्शन (कन्सोलवर नाव टाइप केलं की चालणारं फंक्शन) खेळातल्या कुठल्याही साध्या वस्तूत, म्हणजे अ‍ॅक्टरमध्ये लिहून चालत नाही. प्लेअर कंट्रोलर, ताब्यातला पॉन (खेळाडू चालवतो ते पात्र), गेम मोड, चीट मॅनेजर अशा ठरावीक जागीच इंजिन ते शोधतं. एररसुद्धा नीट येत नाही, म्हणून जास्त वेळ जातो.

आणखी एक. कन्सोलवरून दिलेली किंमत सगळ्यांत वरचढ असते. कॉन्फिग फाइलमधली त्यापुढे चालत नाही. "फाइल बदलली तरी काही होत नाही" अशी तक्रार आली तर आधी कुणी कन्सोलवर काही टाकलंय का, ते विचारा.

शिपिंग बिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या हाती जाणाऱ्या आवृत्तीत, कन्सोल एरवी बंदच असतो, तरी खेळाचा तोल बिघडवणाऱ्या व्हेरिएबलला चीटचा फ्लॅग (ही चीट आहे असं इंजिनाला सांगणारी खूण) लावाच.

नावांना प्रोजेक्टचा एकच उपसर्ग द्या, म्हणजे दोन अक्षरं टाकली की यादी समोर येते. आणि मदतीची ओळ रिकामी सोडू नका. नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं की तीच दिसते. "उडीची उंची, सेंमीमध्ये, मूळ ९०" एवढं लिहिलंत तरी टेस्टिंगवाले दर तासाला तुमच्या टेबलाशी येणार नाहीत.