द्राक्षाचा चोथा घालताय? मग मेंढीचं गाईवालं मिनरल मिक्स्चर आजच बंद करा

नाशिककडे जानेवारी ते मार्च वाईनची द्राक्षं गाळतात, मग साली-बियांचा चोथा स्वस्तात निघतो आणि आग्रा-मुंबई रोडनं आपल्या इंदूर-महूकडेही कोणी ना कोणी घेऊन येतं. दुधाच्या मेंढ्यांना थोडा घालायला हरकत नाही, दूध घटत नाही, बियांच्या तेलानं दुधातलं फॅट जरा चांगलं होतं. दूध वाढेल म्हणून डीलर सांगेल, ते सोडा. जास्त झाला तर त्यातलं टॅनिन (सालीतलं तुरट द्रव्य) प्रोटीन पचू देत नाही.

खरी भानगड तांब्याची. बागेवर बुरशीसाठी बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद नि चुना, मोरचुदात तांबं असतं, ते सालीवर राहतं. गाईला एवढ्यानं काही होत नाही, पण मेंढीला तांबं नीट बाहेर टाकता येत नाही, लिव्हरमध्ये साठत जातं, कित्येक आठवडे काही दिसत नाही आणि मग ऊन चढलं, लोकर कातरली, टेम्पोत कोंबून नेलं की एकदम रक्तात सुटतं. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, एक-दोन दिवसांत मेंढी खलास. लोक कावीळ समजून महागडं लिव्हर टॉनिक पाजत बसतात.

मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी चोथ्यासोबत गाईचं मिनरल मिक्स्चर चालू होतं. दुकानदार म्हणतो सगळ्या जनावरांना चालतं. नाही चालत हो! त्यात तांबं मुद्दाम घातलेलं असतं. पिशवीवर कॉपर लिहिलंय का वाचा, मेंढीचं वेगळं मिळेना तर साधं मीठ ठेवा. युरोपात मेंढीच्या पूर्ण खाद्यात किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या वर तांबं चालत नाही. चोथ्याची तपासणी कुठे होईल ते महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात विचारा.

बाकी नेहमीचं:
- सुका चोथा एकूण सुक्या खाद्याच्या १० टक्क्यांच्या आत, ४० किलोच्या मेंढीला १००-१५० ग्रॅम, सुरुवात ५० पासून
- ओला आला तर त्याच दिवशी पातळ पसरा, बुरशी धरलेला खड्ड्यात
- बिया भरडून
- कोकरांना नाही
- खुरं बुडवायच्या पाण्यात मोरचूद नको, १० टक्के झिंक सल्फेट

मार्च लागला की इथं ऊन कसं चढतं माहितीय, म्हणून कातरणीच्या महिनाभर आधी चोथा बंद करा, हा हिशोब पुस्तकातला नाही, माझा आहे. एक जरी मेंढी पिवळी दिसली तर तिला पळवू नका, सावलीत ठेवा, त्याच दिवशी अख्ख्या कळपाचा चोथा थांबवा आणि डॉक्टरला बोलावून अमोनियम मॉलिब्डेटचं (तांबं बाहेर काढायचं औषध) विचारा, कारण बाकीच्यांच्या लिव्हरमध्येही तेच साठलेलं असणार.