अरबी कादंबरीत बाई दिसली की मला देशच दिसायचा

अरबी शिकून ‘लिंगभाव आणि राष्ट्र’ हा विषय प्रबंधाला घेणाऱ्यांसाठी लिहितेय. माझं दुसरं प्रकरण आख्खं परत आलं होतं. चूक एकच होती, पण पानोपानी होती.

आपण भारतमातेची चित्रं बघत वाढलो. त्यात कैरोतलं महमूद मुख्तारचं १९२८ चं ‘नहदत मिस्र’ (‘इजिप्तचं पुनरुत्थान’) हे शिल्प पाहिलं: स्फिंक्सशेजारी उभी, चेहऱ्यावरचा पदर दूर करणारी शेतकरीण. मला वाटलं, सगळं कळलं. मग दिसेल त्या नायिकेत मी देश शोधत सुटले. इजिप्तच्या नगीब महफूझच्या ‘बैन अल-कस्रैन’ या कादंबरीतली (१९५६) अमीना नवरा गावाला गेल्यावर हुसैनच्या मशिदीत दर्शनाला जाते, मोटारीचा धक्का बसून हाड मोडून घेते, बरी झाल्यावर नवरा तिला माहेरी धाडतो. मी लिहिलं, हा जखमी इजिप्त. पण हाच नवरा पुढे स्वातंत्र्य मागणारा नेता साद झघलूल याच्या बाजूने मागणीपत्रावर सही करतो! देशाला स्वातंत्र्य हवं आणि बायकोने उंबरा ओलांडायचा नाही, हे एकाच माणसात नांदतं. अमीनाला देश करून टाकलं की नेमकं हेच दिसेनासं होतं.

म्हणून दर वेळी विचारा: हिला देश कोण म्हणतंय? लेखक, पात्र, की मीच? अल्जीरियाच्या अहलाम मुस्तगानमीच्या ‘झाकिरत अल-जसद’मध्ये (१९९३) तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात हात गमावलेला चित्रकार खालिद प्रेयसीत आपलं कॉन्स्टंटाइन शहर पाहतो. ती दृष्टी खालिदची. प्रेयसी स्वतः कादंबरी लिहिणारी बाई आहे, आणि त्याच्या चित्रात ती मावत नाही. खालिद तिला उद्देशून बोलतो; मूळ अरबीत हा ‘तू’ स्त्रीलिंगी आहे, आपल्या ‘आलीस’सारखा, त्यामुळे तो कुणाशी बोलतोय हे वाक्यावाक्याला कानावर पडतं. इंग्रजी भाषांतरात ते हरवतं. मराठी वाचकाला हे आयतं मिळालंय, वापरा.

लिंगभाव म्हणजे फक्त बायका, असंही धरू नका. पॅलेस्टिनी लेखक घस्सान कनफानीच्या ‘रिजाल फिश्शम्स’मध्ये (१९६३) टँकर चालवणाऱ्या अबुल खैझुरानने १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात पौरुष गमावलंय. ते पान मी घाईत वाचलं होतं.

सुरुवात इजिप्तच्या लतीफा अल-झय्यातच्या ‘अल-बाब अल-मफ्तूह’ या कादंबरीने (१९६०) करा. तिच्यावरचा १९६३ चा चित्रपट बघून प्रकरण लिहू नका. असं करणारे मी पाहिलेत, तोंडी परीक्षेत ते गप्प होतात. मोर्च्यात गेलेली नायिका लैला घरी येऊन बापाचा मार खाते. पुढे तिचं लग्न ठरतं ते तिच्याच प्राध्यापकाशी, आणि तिने कसं वागावं हे तो ठरवू लागतो. तुमच्या वतीने स्वतःच विचार करणारा मार्गदर्शक मिळाला, तर लैला आठवा. माझ्या मते सिद्धान्ताची पुस्तकं पहिले सहा महिने कपाटातच असावीत.

अरबी हळू वाचता म्हणून खचू नका. मला ‘अल-बाब अल-मफ्तूह’ला चार महिने लागले, आणि दुसऱ्या खेपेला प्रकरण त्याच संथ वाचनावर उभं राहिलं. समासात पेन्सिलीने एवढंच लिहायचे: हे वाक्य कुणाचं?