सोलापूरहून गाडीत ससा घेऊन निघताना

आमची भुरी चार वर्षांची सशीण आहे. ताई पुण्यात असते त्यामुळं वर्षातनं तीन-चार वेळा तरी भुरीला घेऊन जावंच लागतं, अडीचशे किलोमीटर, मधे थांबत गेलं तर पाच तास. आता हे जमतं, पण पहिल्या वेळेस फार चुकलं होतं आणि तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं लिहितेय.

तेव्हा एप्रिल होता आणि आम्ही निघालो सकाळी अकराला. टेंभुर्णीला चहाला थांबलो, गाडी बंद केली, काचा दोन बोटं खाली ठेवल्या आणि म्हटलं दहा मिनिटंच तर आहेत. परत आलो तर भुरी आडवी पडलेली, कान तव्यासारखे गरम, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती आणि हनुवटी लाळेनं ओली. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते आणि बंद गाडीत ते पुरत नाही. साध्या पाण्यानं तिचे कान ओले करत, एसी लावून, जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं म्हणून वाचली. असं झालं तर बर्फ लावू नका, पाण्यात बुडवू नका, तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका, कान ओले करत थेट डॉक्टर गाठा.

म्हणून पहिलं काम म्हणजे वेळ. सशाला १५ ते २० डिग्रीत बरं वाटतं, २६-२७ च्या वर त्रास सुरू होतो आणि आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात चाळीसच्या आसपास म्हणजे रोजचंच. मार्च ते जून आम्ही पहाटे साडेचारला निघतो, साडेनऊपर्यंत पुणे. एसी २२-२३ वर, पण त्याचा झोत थेट कॅरियरवर, म्हणजे ससा न्यायच्या पेटीवर, नको. गाडी आधी गार करायची, मगच ससा खाली आणायचा. आणि भिगवणला मासे खायला थांबायचं असेल तर खुशाल थांबा पण एकजण एसी चालू ठेवून गाडीत बसलाच पाहिजे, आम्ही आळीपाळीनं जेवतो.

कॅरियर प्लास्टिकचा, कडक, बाजूला जाळी असलेला घ्या. ससा आत वळू शकेल, पाय पसरून बसू शकेल एवढा पुरे, फार मोठा असला की ब्रेक मारल्यावर आत आपटतो. कापडी पिशवीसारखा घेऊ नका, भुरीनं तसला एक तासाभरात कुरतडून भोक पाडलं होतं. खाली नुसता पेपर टाकला तर पाय घसरतात, त्यापेक्षा घरातली जुनी सोलापुरी चादर चौघडी करून घाला, नव्या टॉवेलच्या दोऱ्यांत नखं अडकतात म्हणून चादरच बरी. ती दोन दिवस आधी सशाच्या खुराड्यात ठेवा म्हणजे चादरीला त्याचाच वास येईल.

हा कॅरियर निघायच्या आठ-दहा दिवस आधीपासून घरात उघडा ठेवायचा आणि कोथिंबीर त्यातच द्यायची, मग एकदा सात रस्त्यावरनं होटगी रोडला छोटी चक्कर मारून आणायची. एकदम पाच तासांचा प्रवास त्याच्या माथी मारू नका.

गाडीत कॅरियर ठेवायची जागा म्हणजे पुढच्या डाव्या सीटच्या मागं, खाली, घट्ट बसेल असा. सकाळी पुण्याकडं जाताना ऊन मागून आणि ड्रायव्हरच्या बाजूनं येतं, संध्याकाळी परत येतानाही तसंच, त्यामुळं डावी बाजू सावलीत राहते. खाली मावत नसेल तर मागच्या सीटवर बेल्ट लावून, आणि आडवा ठेवा, म्हणजे ब्रेक लागला तर ससा डोक्यानं न आपटता कुशीनं टेकतो. मांडीवर घेऊन बसायचं अजिबात नाही. दचकला की मागच्या पायांनी जोरात लाथ मारतो आणि त्या झटक्यात त्याचं स्वतःचंच पाठीचं हाड मोडू शकतं. लहान मुलं हट्ट करतात, तरी नाही.

आता खाण्याचं, इथं बरेचजण चुकतात. कुत्र्याला प्रवासाआधी उपाशी ठेवतात म्हणून सशालाही ठेवतात. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळं उपाशी ठेवून काही फायदा नाही, उलट त्याचं आतडं सतत काहीतरी आत जात राहिलं तरच चालतं, ते थांबलं की जीवावर बेततं. म्हणून कॅरियरमधे मूठभर नाही, चांगलं भरपूर वाळलेलं गवत टाका. कोवळी हिरवी ज्वारी मात्र शेतातनं उपटून देऊ नका, ती गुरांना बाधते तशी सशालाही बाधेल. चालत्या गाडीत बहुतेक ससे पाणी पीत नाहीत, त्यामुळं धुतलेली ओली कोथिंबीर द्यायची आणि दर तास-दीड तासानं थांबून वाटीतनं पाणी दाखवायचं, त्याच्या रोजच्याच वाटीतनं. थांबल्यावर बाहेर काढायचं नाही, हायवेला सुटला तर सापडत नाही.

उन्हाळ्यात पाण्याची बाटली फ्रीजरमधे गोठवून, फडक्यात गुंडाळून कॅरियरच्या एका कडेला ठेवते, भुरी तिला टेकून बसते. दुसरी कडा मोकळी ठेवते म्हणजे गार वाटलं की सरकता येतं. गाणी हळू, हॉर्न कमी. गप्प बसलाय म्हणजे मजेत आहे असं समजू नका, घाबरलेला ससा पण असाच अंग चोरून बसतो, मधेमधे वळून श्वास आणि कान बघत राहा. गुंगीचं औषध स्वतःच्या मनानं कधीच नाही.

पोचल्यावर लगेच सगळ्यांच्या हातात द्यायचा नाही. एक शांत कोपरा, तीच चादर, गवत, पाणी आणि दोन तास एकटं सोडायचं. मग लेंड्या बघायच्या, हो, मी खरंच बघते, कारण खातोय आणि लेंड्या टाकतोय म्हणजे पोट चालू आहे. त्या बारीक, कमी किंवा बंद झाल्या आणि दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच डॉक्टर. आणि सगळे डॉक्टर ससा बघत नाहीत, काहींना फक्त कुत्रा-मांजर नाहीतर गाई-म्हशींची सवय असते, म्हणून निघायच्या आधीच फोन करून विचारा, ससा बघता का, आणि जाणार त्या गावातला आणि वाटेतला असे दोन नंबर मोबाईलमधे सेव्ह करून ठेवा.